जवळ कोण होतं?

प्रसूती वॉर्डाच्या जिन्यावर मॅडमच्या चपलांचा आवाज आला की आम्ही नर्सिंगच्या पोरी मोबाइल खिशात टाकायचो. टपटप एकाच चपलेची. दुसरीचा पट्टा सैल होता, ती नुसती फरफटत यायची. चार वर्षांत त्यांनी तो पट्टा शिवून घेतला नाही. एकदा मी म्हटलं, "मॅडम, कोपऱ्यावर चांभार बसतो, देऊन येऊ का?" तर म्हणाल्या, "तो पट्टा सैल आहे म्हणून तुम्हाला कळतं मी आले ते. तेवढाच तुमचा अभ्यास."

आत आल्या की आमच्याकडे बघायच्याही नाहीत. सरळ आदल्या दिवशी बाळंत झालेल्या बाईच्या खाटेवर जाऊन बसायच्या. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हे पहिल्या वर्षी त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. दूध येतंय का, टाके दुखतात का, सासूनं शिरा आणला की बिस्किटावरच भागवलं, असं सगळं विचारून झालं की अगदी सहज, उठता उठता विचारावं तसं विचारायच्या, "काल तुझ्याजवळ कोण होतं गं?"

आम्ही खाटेच्या पायथ्याशी ओळीनं उभ्या. बोलायचं नाही, हसायचं नाही, खोकायचंही नाही. आमच्या बॅचमधली एक मुद्दाम खोकली, तर मॅडमनी तिची केस जागच्या जागी रद्द केली, म्हणजे ते बाळंतपण तिच्या नावावर धरलंच नाही. म्हणाल्या, "बाईनं ओळखायचंय, डॉक्टरनं नाही." मग ती बाई आमच्या तोंडांवरून नजर फिरवायची आणि एकीकडे बोट करायची. "ही. हीच व्हती." मॅडमची सही त्यानंतर. तोवर केस झालीच नाही.

सगळ्या मुली त्यांना 'कोण-होतं मॅडम' म्हणायच्या. त्यांनाही ते ठाऊक होतं.

ज्यांना नर्सिंगची पदवी म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांना हे खूळ वाटेल. आम्हालाही वाटायचंच. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत काय काय पुरं करावं लागतं हे सांगत बसले तर तुम्ही उठून जाल. हजेरी, प्रात्यक्षिकं, औषधांची माहिती, आरोग्य शिक्षणाचे तक्ते, खेडेगावातलं एक कुटुंब दत्तक घेऊन त्याची जन्मकुंडली. यातलं निम्मं होस्टेलच्या गादीवर बसून पुरं होतं, आणि त्यात आम्ही सगळ्याच तरबेज होतो. पण एक गोष्ट अशी की ती झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसताच येत नाही. ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हातानं करायची.

आता अडचण अशी की सरकारी दवाखान्याची लेबर रूम एकच, आणि तिथं केसेससाठी येणारी कॉलेजं कितीतरी. आमच्या नर्सिंगच्या, दुसऱ्या नर्सिंगच्या, शिकाऊ डॉक्टर, सगळ्यांनाच केस हवी. बाई बिचारी सकाळपासून ओरडत असायची तेव्हा आम्ही भिंतीला टेकून मोबाइल बघत असायचो, आणि बाळाचं डोकं दिसायला लागलं की हातमोजे घालून पाच जणी धावायच्या. ज्या हातात बाळ पडलं त्या हाताची केस. मॅडम याला 'झेल पकडणं' म्हणायच्या. "क्रिकेट आहे का हे? बाई सकाळपासून एकटी आणि तू शेवटच्या पाच मिनिटांत येऊन झेल घेतेस!"

म्हणून त्यांनी आपला नियम काढला. विद्यापीठाच्या कुठल्याही पुस्तकात तो नव्हता. कळा सुरू झालेल्या बाईजवळ गेलं की आधी आपलं नाव सांगायचं. नुसतं 'मी सिस्टर' नाही. "माझं नाव अमुक. मी इथंच आहे." ही दोनच वाक्यं, याच क्रमानं. मग तिचं नाव विचारायचं. मग हलायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाईनं ओळखलं तर केस धरायची. 'धरायची' हा त्यांचाच शब्द.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचं अर्धं धड होतं, कमरेपासून मांड्यांपर्यंत. त्याच्यावर बाळंतपण शिकायचं. मॅडम त्यालाही आम्हाला नाव सांगायला लावायच्या. पहिल्या दिवशी आम्ही हसून हसून लोळलो. "मॅडम, याला डोकंच नाही, कान कुठून असणार?" मॅडम म्हणाल्या, "लेबर रूममध्ये डॉक्टरही एवढंच बघतात. तुम्ही वरचं बघायची सवय लावा." त्या दिवसापासून आमच्यातली एकेक जण त्या बिनडोक्याच्या प्लॅस्टिकसमोर उभी राहून नाव सांगायची आणि बाकीच्या तोंडात ओढणी कोंबून हसायच्या.

हातांचं तर विचारूच नका. नाशिकच्या थंडीत सकाळच्या ड्यूटीला आमची बोटं बर्फ झालेली असायची. मॅडम एकेकीचे हात पकडून तिच्याच मानेवर ठेवायच्या. ती किंचाळली की म्हणायच्या, "बाईच्या पोटाला असं वाटतं. घाला काखेत." मग आम्ही सगळ्या काखेत हात घालून रांगेत उभ्या. दुसऱ्या कॉलेजच्या मुली आमचे फोटो काढायच्या.

एकदा द्वारका सर्कलला रिक्षात एका बाईला कळा येत होत्या आणि रिक्षा सिग्नलला अडकलेली. मॅडम शेजारी स्कूटरवर. त्यांनी स्कूटर होती तिथं, भर चौकात, स्टँडला लावली आणि रिक्षात जाऊन बसल्या. बसल्या बसल्या आपलं नाव सांगितलं. दवाखान्यापर्यंत तिचा हात धरून गेल्या, तिचं नाव घेऊन सगळ्या लेबर रूमला ओळख करून दिली, आणि मग पायी परत. स्कूटर पोलिसांनी उचलून नेलेली. आम्ही हळहळलो तर म्हणाल्या, "स्कूटर मिळते गं परत." मिळालीही, पण आरसा फुटून. तो त्यांनी बदलला नाही.

माझी स्वतःची एक केस या नियमानं बुडाली. मी त्या बाईजवळ सकाळपासून होते. नाव सांगितलं होतं, पाठ चोळली होती, पाणी पाजलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं तर तिनं मला सोडून शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे बोट केलं. तीही त्याच दिवशी बाळंत झालेली. "ही वं. ही मला म्हनत व्हती, रडू नको, माझंबी व्हायचंय अजून." मॅडम त्या शेजारणीला म्हणाल्या, "शाबास!" आणि मला म्हणाल्या, "तू पाठ चोळलीस, तोंडाकडे बघितलं नाहीस." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसले. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं होतं. बाकीची कॉलेजं भराभर केसेस भरून मोकळी होत होती आणि आम्ही बायकांच्या बोटांवर टांगलेल्या.

रुखसारला मात्र कधी अडचण आली नाही. ती माझी रूममेट. मालेगावची, वडील यंत्रमागावर. उर्दू शाळेत शिकलेली, त्यामुळे मराठी अगदी पुस्तकातली बोलायची आणि घाबरली की हिंदी. पण लेबर रूममध्ये गेली की तिच्या अंगात काही वेगळंच यायचं. बायका तिचा हात सोडायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रश्न पुरा करायच्या आत बोट तिच्याकडे. एका बाईनं तर मुलीचं नाव रुखसार ठेवू का म्हणून विचारलं, आणि तिच्या सासूनं कपाळावर हात मारून घेतला.

रुखसारचं सगळं या पदवीवर होतं. तिच्या अब्बांनी घरातल्या सगळ्यांशी भांडून तिला नाशिकला पाठवलं होतं, पण एका अटीवर. ते होस्टेलला आले की चटईवर बसून चहा प्यायचे आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य, "चार साल की बात हुई थी बेटा. पाँचवाँ नहीं." बोलायचे हळूच, पण ते दगडावरची रेघ होती. गावात एक स्थळ थांबून होतं. चार वर्षांत पदवी हातात आली तर नोकरी, मग लग्न. नाही आली तर नुसतं लग्न, आणि नाशिकचा रस्ता बंद. परीक्षेला बसायचं तर सगळ्या केसेस पुऱ्या हव्यात, हे तिला झोपेतही आठवायचं.

मॅडमचं हे खूळ आलं कुठून, याबद्दल कॉलेजात खूप गोष्टी होत्या. मी एकदाच विचारलं. खेडेगावातल्या पोस्टिंगहून जीपनं परत येत होतो, बाकीच्या पेंगत होत्या. मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणाच्या वेळी खोलीत पुष्कळ जणी होत्या. सगळ्या ओळखीच्या, माझ्याच कॉलेजच्या. पण डोक्याशी कुणीतरी उभी होती आणि ती कोण ते मला अजून माहीत नाही." मी मूर्खासारखं विचारलं, "मुलगा झाला की मुलगी?" त्यांनी खिडकीची काच वर केली. म्हणाल्या, "ते विचारलं नसतंस तर बरं." मग मी कधीच काही विचारलं नाही.

शेवटच्या सत्रात रुखसारची एकच केस राहिली होती. ती केस म्हणजे वैशाली. चांदवडकडच्या एका गावची, पहिलंच बाळंतपण. सकाळी आली तेव्हाच डोळ्यांच्या कडा पांढऱ्या होत्या, अंगात रक्त कमी. रुखसारनं तिला नाव सांगितलं. मी शेजारच्या टेबलाशी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. वैशालीला ते नाव आवडलं असावं. प्रत्येक कळेला ती आईला नाही, रुखसारला हाक मारायची. "रुखसारताई! वं रुखसारताई!" बाहेर बाकावर तिची सासू बसलेली, दाराला नुसता पडदा. सासूला आत येऊ देत नव्हते. तिला ऐकू येत होतं ते एवढंच.

दुपारी मुलगी झाली. चांगली झाली, रडली. रुखसारनं ती पुसून वैशालीच्या छातीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली. सगळ्या केसेस पुऱ्या. आणि मग रक्त थांबेना.

बाळ झाल्यावर गर्भपिशवी आवळून घट्ट व्हायला हवी, ती होत नव्हती. डॉक्टरबाई धावत आल्या, इंजेक्शनं झाली, सलाईन दोन्ही हातांना. रुखसार शिकवलं होतं तसं पोट चोळत होती, थांबली नाही. रक्ताची पिशवी आणायला नवरा गेला होता, तो येईपर्यंत फार उशीर झाला. वैशाली म्हणाली, "रुखसारताई, लय थंडी वाजती." रुखसार म्हणाली, "मी इथंच आहे." वैशालीनं आणखी दोनतीनदा हाक मारली. दर वेळी आवाज आधीपेक्षा बारीक. मग नाही.

बाहेर जे व्हायचं ते झालं. गावाहून माणसं आली, काचा फुटल्या. त्यांना कुणाचंच नाव ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं, स्टाफ सिस्टरांनी नाही, रक्तपेढीतल्या माणसानं तर नाहीच. त्या अख्ख्या खोलीतलं एकच नाव पडद्याबाहेर गेलं होतं. सासू छाती पिटून म्हणत होती, "माझी सून तिलाच हाका मारीत व्हती! तीच व्हती जवळ! तिनं काय केलं ते इचारा!" गर्दीतल्या एकानं मोबाइल वर धरून विचारलं, "काय नाव म्हनली? रुखसार?" आणि दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी विसरलेले नाही.

स्टाफ सिस्टरनं रुखसारचा बॅज स्वतःच्या हातानं काढला आणि तिच्या खिशात कोंबला. "मागच्या दारानं जा. तोंडाला मास्क लाव. कुणी विचारलं तर नाव सांगू नकोस." चार वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला हे सांगत होतं.

मॅडम आल्या त्या पुढच्या दारानं. फरफटती चप्पल गर्दीत ऐकू आली नाही. सरळ सासूजवळ गेल्या आणि तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "आजी, मी त्या पोरीची मॅडम. माझं नाव..." पुढचं सांगायच्या आत म्हातारीनं त्यांच्या थोबाडीत मारली. मॅडमचा चष्मा उडाला. त्या उठल्या नाहीत. म्हातारी रडून रडून थकेपर्यंत तिथंच बसल्या, चष्म्याशिवाय. नंतर म्हातारीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

लेखी तक्रार आली. तक्रारीत एकच नाव. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही शोधायची गरज पडली नाही. कॉलेजनं चौकशी बसवली. मी त्या दुपारी ड्यूटीवर होते म्हणून मलाही बोलावलं. एसीची खोली, बिस्किटांची बशी, टेबलापलीकडे दवाखान्याचे एक साहेब, आमच्या प्राचार्य आणि संस्थेचे एक विश्वस्त. रुखसार माझ्या शेजारी, तिचे हात काखेत. सवय.

प्राचार्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की विद्यार्थिनी त्या वेळी चहाला गेली होती असं म्हटलं तर प्रकरण मिटतं. म्हणजे रुखसार तिथं नव्हतीच. तक्रारीला बूड राहात नाही, सगळे सुटतात. मला ते पटलं होतं. रुखसारलाही. आम्ही चहाची वेळसुद्धा ठरवून आलो होतो.

साहेबांनी आमच्यापुढे बसलेल्या मॅडमना विचारलं, "मृत महिलेजवळ नेमकं कोण होतं?"

हा प्रश्न त्या माणसानं विचारावा! मॅडम आमच्याकडे वळल्या, रुखसारकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "रुखसार होती. सकाळपासून. बाकी सगळे आले आणि गेले. ती एकटी हलली नाही."

प्राचार्य म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

"विचारलंत म्हणून सांगितलं. तिनं काही चूक केली असेल तर दाखवा. नाव सांगायला मी शिकवलं. त्याचा जाब मला विचारा."

त्यांना तेच हवं होतं. चूक काही दाखवता आली नाही, कारण झालीच नव्हती. निकाल असा लागला: विद्यार्थिनी निर्दोष. परंतु शिक्षिकेची पद्धत नियमबाह्य, पेशंटशी अनावश्यक जवळीक निर्माण करणारी, म्हणून शिक्षिकेला कामावरून कमी करण्यात येत आहे. सदर केस विद्यार्थिनीच्या नावावर धरू नये. आणि यापुढे कोणत्याही विद्यार्थिनीनं पेशंटला किंवा नातेवाइकांना आपलं नाव सांगू नये. ती नोटीस लेबर रूमच्या दाराशी चिकटवली. अजूनही असेल.

म्हणजे रुखसार पुन्हा एका केसवर अडकली. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत जवळ आलेली, आणि अब्बांचा फोन रोज संध्याकाळी. ती रात्री मधेच उठून बसायची आणि म्हणायची, "यार, वो मेरा नाम ले रही थी." मी म्हणायचे, झोप. दुसरं काय म्हणणार?

मॅडमच्या जागी नवीन मॅडम आल्या. वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. रुखसारला म्हणाल्या, "कर बाई एक पटकन. मी सही करते." मुदतीच्या तोंडावर कविता नावाची बाई आली, सिन्नरकडची. रुखसार तिच्याजवळ गेली. मी दारातून बघत होते. मास्क डोळ्यांपर्यंत, बॅज खिशात. तिनं काहीच सांगितलं नाही. पण दिवसभर तिच्या डोक्याशी उभी राहिली, तिचं डोकं दोन्ही हातांत धरून. बाळंतपण सुखरूप झालं. त्याच संध्याकाळी सही मिळाली, अर्ज गेला.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी रुखसार मला घेऊन वॉर्डात गेली. म्हटलं, कशाला? तिनं मास्क काढला आणि कविताच्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, आम्ही चार वर्षं उभ्या राहायचो तिथंच. आणि मॅडमच्याच सुरात विचारलं, "काल तुमच्याजवळ कोण होतं?"

कविता बाळाला पाजत होती. हसली. "लय बाया व्हत्या ताई. पांढऱ्या कपड्यातल्या. त्यात एक लय चांगली व्हती. माझं डोकं धरून व्हती, एकदाबी सोडलं नाय." मग रुखसारकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही वळखता का तिला? दिसली तर सांगा, कविता आठवन काढत व्हती."

रुखसार म्हणाली, "नाही. मी नाही ओळखत."

निकाल लागला, ती पास झाली. पहिल्या श्रेणीत. अब्बा चटईवर बसून रडले. आम्ही दोघी पेढे घेऊन मॅडमकडे गेलो. मॅडम तेव्हा सातपूरला एका खोलीत राहायच्या आणि सामान बांधत होत्या, चांदवडला भावाकडे जायचं म्हणून. पेढ्यांचा बॉक्स रुखसारनं पुढे केला. मॅडमनी तो घेतला, उघडला, आणि न खाता विचारलं, "शेवटची कोण?"

"कविता."

"काय म्हणाली?"

रुखसारनं सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. मॅडमनी बॉक्सचं झाकण लावलं. "मग एक राहिली."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, ती बाई म्हणाली ना, चांगली होती म्हणून! एकदाही सोडलं नाही म्हणाली!"

"कोण चांगली होती?"

मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, "तुमच्यामुळे झालं हे सगळं. तुम्ही नाव सांगायला लावलंत म्हणून ते लोक हिच्यावर आले. तुम्ही त्या दिवशी ही चहाला गेली होती म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? तुमची नोकरी राहिली असती. हिला झोप लागली असती."

मॅडम सामानाच्या पेटीवर बसल्या. मला वाटलं रागावतील. म्हणाल्या, "माझ्यामुळेच झालं. खरं आहे." मग रुखसारकडे बघून, "पण चहाला गेली होतीस म्हटलं असतं, तर वैशाली एकटी मेली असं झालं असतं. ती एकटी नव्हती. तू होतीस. हे कुणीतरी सांगायला नको?"

रुखसार खूप रडली. मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही, पाठ थोपटली नाही. तिचे हात हातात घेऊन बघितले, गरम आहेत का. पेढे परत आमच्या पिशवीत ठेवले. "राहिलेली करून या. मग खाऊ."

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी नाशिकलाच एका खासगी दवाखान्यात आयसीयूला आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसांना नाव सांगते. ते कुणाला सांगायला जात नाहीत. रुखसार मालेगावला, बाळंतपणाच्याच दवाखान्यात. लग्न झालं, नोकरी चालू आहे, नवरा चांगला आहे. तिच्या हातून किती बाळं जन्माला आली असतील, तिलाही ठाऊक नसेल. तिथं कुठली नोटीस नाही, कुणी अडवणारं नाही, अर्ध्या बायका तिच्याच मोहल्ल्यातल्या. पण लेबर रूममध्ये शिरली की तिचा बॅज आपोआप खिशात जातो. बायका तिला सिस्टर म्हणतात. ती ओ देते. मी एकदा फोनवर विचारलं तर म्हणाली, "जमत नाही यार. नाव सांगायला तोंड उघडते, आणि वैशाली आवाज देते."

मॅडम चांदवडलाच आहेत. थकल्यात, गुडघे गेलेत. मी दर दिवाळीला फोन करते. माझी तब्येत, माझी नोकरी, माझी मुलं, काही विचारत नाहीत. फोन उचलला की पहिला प्रश्न, "तिची राहिलेली झाली का?"

याही दिवाळीला तेच. मी म्हटलं, "नाही मॅडम. अजून नाही."

पलीकडे हायवेवरच्या कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न. मग म्हणाल्या, "बरं. तिला माझं नाव सांग. म्हणावं, मी इथंच आहे."